नेसियन्स: दोष नसलेले अज्ञान

इंग्रजी ग्रंथांत अज्ञानासाठी 'नेसियन्स' हा भारदस्त शब्द अधूनमधून भेटतो. 'इग्नरन्स' हाताशी असताना तो कशाला हवा? हवा, कारण दोघांची कुळे वेगळी आहेत आणि कामेही. लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स' त्यातूनच आला. त्याला नकाराचा 'ने' लागला आणि पुढे 'नेस्किएन्शिया' हे नाम बनले, म्हणजे निव्वळ माहीत नसणे. 'इग्नरन्स' मात्र आपल्या 'अज्ञाना'चा भाऊबंद. त्यातला 'ग्नो' आणि आपला 'ज्ञा' एकाच धातूतून आलेले, नकाराचे 'इन्' आणि 'अ'सुद्धा सख्खे.

या दोहोंमधली सीमा तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनसने 'सुम्मा थिओलॉजिए'त आखली. ज्ञानाचा नुसता अभाव म्हणजे नेस्किएन्शिया. तो देवदूतांच्या ठिकाणीही असू शकतो. जे जाणण्याची कुवत आहे, ते न जाणणे म्हणजे इग्नोरान्शिया. त्यालाही तो आणखी एक चाळण लावतो. भूमितीची प्रमेये माणसाला समजू शकतात, पण ती प्रत्येकाला आलीच पाहिजेत असे बंधन नाही, म्हणून ती न येणे हा दोष नव्हे. जे जाणणे आपले कर्तव्य आहे त्यात हयगय केली, तर दोष. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस आणि समोरचा कागद न वाचता सही ठोकणारा अधिकारी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, आणि 'अडाणी' हा शिक्का आपण पहिल्यावरच मारतो.

यावर कोणी म्हणेल, व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. खरे आहे. 'नेस्कियुस' म्हणजे अजाण. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'नाइस' होऊन आला, आधी त्याचा अर्थ 'मूर्ख' होता आणि आज तो 'छान' झाला आहे. म्हणूनच माझा आधार धातूवर नाही, अक्वायनसने तो शब्द कसा राबवला त्यावर आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या 1890 साली निघालेल्या इंग्रजी अनुवादात जॉर्ज थिबोने 'अविद्या'साठी 'नेसियन्स'च योजला, आणि अविद्या म्हणजे कोरा अभाव नव्हे. याच भाष्याच्या प्रस्तावनेत, म्हणजे अध्यासभाष्यात, शिंपला चांदीसारखा भासतो असा दाखला आहे. एका वस्तूवर दुसरीचा आरोप, त्यालाच तिथे अविद्या म्हटले आहे. पण यातून अक्वायनसचा भेद मोडत नाही, थिबोची निवड तेवढी अपुरी ठरते. शिंपल्याला चांदी समजून वाकणाऱ्याची अडचण माहिती नसण्याची नाही, चुकीची माहिती खरी मानण्याची आहे, आणि ती ज्ञानाने दूर करता येते.