उजनीचे पाणी शेतात पोहोचेपर्यंत मोटारीचा जोर जातो कुठे?

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरू लागले की इंदापूर तालुक्यात दोन गोष्टी ठरलेल्या. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि काठावरचे शेतकरी मोटारी, केबल, पाइप घेऊन पाण्यामागे सरकू लागतात. भीमा नदीवरील या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळपास ६४ टीएमसी, मृतसाठा आहे. पाणी त्या पातळीखाली गेले की ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. काठावर त्याचा अर्थ इतकाच की पाइप लांबला आणि चढही वाढला. मोटार तीच, पण शेतावरची धार बारीक होते. मग मोटार रिवाइंड करून आणली जाते, काही जण तर मोठी मोटार घेतात. पाइपकडे मात्र क्वचितच कोणी बघते.

मोटारीला दोन कामे करावी लागतात. पहिले, पाणी वर उचलणे. नदीपातळीपासून शेत २५ मीटर उंचावर असेल, तर तेवढे उचलावेच लागते. त्यात सूट नाही. दुसरे काम दिसत नाही. पाइपच्या आतल्या भिंतीशी आणि स्वतःशीच घासत पाणी पुढे जाते आणि त्यात दाब खर्च होतो. अभियंते हा खर्चही मीटरमध्येच मोजतात. ‘घर्षणात २० मीटर गेले’ याचा अर्थ, मोटारीने पाणी आणखी २० मीटर उचलले असते तेवढी ताकद वाटेतच संपली.

ही ताकद किती, ते एका उदाहरणाने पाहू. शेत नदीपासून २ किलोमीटर दूर, चढ २५ मीटर, हवे असलेले पाणी सेकंदाला १० लिटर. पाइप नवा, पीव्हीसीचा, आतून १०० मिलिमीटर, म्हणजे बोलीतला चार इंची. पाणीपुरवठ्याच्या कामात हेझन-विल्यम्स हे सूत्र सर्रास वापरतात. त्यानुसार घर्षणात सुमारे २९ मीटर जातात. म्हणजे चढापेक्षा घर्षणच जास्त! पाइप सहा इंची, १५० मिलिमीटरचा घेतला, तर हाच आकडा ४ मीटरवर येतो. तीन इंचीत तो ११८ मीटर होतो, म्हणजे बेत तिथेच संपला.

व्यास दीडपट केला तर घर्षण सातव्या हिश्श्यावर कसे येते? पाइप रुंद झाला की त्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून तेवढेच पाणी संथ वाहते. चार इंचीत पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर, सहा इंचीत ०.६ मीटरहून कमी. घर्षण जवळजवळ वेगाच्या वर्गाने बदलते, शिवाय रुंद पाइपमध्ये भिंतीला लागून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण कमी असते. सगळे मिळून घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाइप विकत घेताना ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती फक्त किंमत.

साडेसात एचपीची रेषा

पंप आणि मोटार मिळून ६० टक्के कार्यक्षमता धरली, तर वरच्या उदाहरणात चार इंची पाइपला साधारण १२ एचपी लागतात आणि सहा इंचीला साडेसहाच्या आत भागते. रोज आठ तास मोटार चालली, तर फरक ३३ युनिटांचा. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आहे, त्यामुळे पाइपचा व्यास हा थेट वीजबिलाचा प्रश्न होतो. एकच शेत, एकच पाणी, पण एक पाइप योजनेत बसवतो आणि दुसरा बाहेर काढतो. सौरपंपावर तर वाया गेलेला प्रत्येक मीटर त्या दिवसाच्या पाण्यातून वजा होतो.

आता उन्हाळा. पाणी ६ मीटर उतरले आणि पाइप ५०० मीटर वाढवावा लागला, असे धरू. तेवढेच पाणी हवे असेल, तर चार इंचीला ५४ ऐवजी ६७ मीटरचा जोर लागेल, सहा इंचीला २९ ऐवजी ३६. प्रत्यक्षात मोटार जास्तीचा जोर आणणार कुठून? पंपाचा स्वभाव असा की समोरचा विरोध वाढला की तो पाणी कमी देतो. जिथे पंपाची क्षमता आणि पाइपची मागणी जुळते, तिथे प्रवाह स्थिरावतो. बारीक धार म्हणजे हाच नवा समतोल.

जाळ्याचे गणित

एकच सरळ पाइप असेल तर कागदावर हिशोब होतो. एका लाइनवरून चार शेते, मध्ये टाकी, पुढे ठिबक असे असेल, तर एका ठिकाणचा व्हॉल्व्ह फिरवल्यावर सगळीकडचे दाब बदलतात. अशा जाळ्यांचा हिशोब हाताने करण्याची पद्धत हार्डी क्रॉस या अमेरिकी प्राध्यापकाने १९३६ मध्ये मांडली: प्रवाह अंदाजाने धरायचे, चूक मोजायची, सुधारायचे, पुन्हा मोजायचे. आज हेच काम संगणक क्षणात करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये आणलेली ‘एपानेट’ ही प्रणाली मोफत आहे. प्रत्येक जोडाची उंची, प्रत्येक पाइपची लांबी आणि व्यास, पंपाचा आलेख एवढे भरले की कुठे किती दाब उरेल ते ती सांगते.

यात एक मेख आहे. पाइप आतून किती खडबडीत, हा आकडा माणसाने भरायचा असतो. नव्या पीव्हीसीसाठी तो पुस्तकात मिळतो. गाळ आणि शेवाळ बसलेल्या दहा वर्षांच्या पाइपसाठी मिळत नाही. म्हणून लाइनच्या दोन ठिकाणी प्रेशर गेज लावून दाब वाचायचा आणि संगणकाचा आकडा त्याच्याशी जुळेपर्यंत खडबडीतपणा बदलत राहायचा. हे न करता काढलेला अहवाल कितीही रंगीत असला तरी अंदाजच.

हवेचेही तसेच

बारामती-इंदापूर पट्ट्यातली पॉलिहाउस आणि बंदिस्त पोल्ट्री शेड याच नियमाने चालतात, फक्त आकडे इवलेसे. एका टोकाला ओला पॅड, दुसऱ्या टोकाला हवा बाहेर ओढणारे पंखे. असे पंखे साधारण २५ पास्कल विरोधापर्यंत चांगले काम करतात. २५ पास्कल म्हणजे पाण्याच्या स्तंभाची जेमतेम अडीच मिलिमीटर उंची. क्षारयुक्त पाण्याने पॅडची निम्मी छिद्रे बुजली, तर उरलेल्या छिद्रांतून हवेला दुप्पट वेगाने जावे लागेल आणि विरोध जवळपास चौपट होईल. पंख्याला ते झेपत नाही. तो हवा कमी ओढतो आणि त्यातलीही काही दाराच्या फटींतून येते, जी गार झालेलीच नसते. कोंबड्या धापा टाकू लागतात, पंखे मात्र नेहमीसारखेच फिरताना दिसतात.

इमारतीच्या वातानुकूलनात चित्र आणखी वेगळे. दोन किलोमीटरच्या पाइपमध्ये दहा एल्बोंचा तोटा एखाद्या मीटरच्या आतबाहेर, २९ मीटरपुढे किरकोळ. डक्ट आखूड आणि वळणे भरपूर, म्हणून तिथे वळणच महाग पडते. सेकंदाला ५ मीटर वेगाची हवा काटकोनी वळणावर जेवढा दाब गमावते, तेवढा सरळ डक्टमध्ये १५-२० मीटर अंतरात जातो. गोलाईदार वळण त्याच्या काही हिश्श्यातच भागवते.

शेडमधला दाब पाहायला महागडे यंत्र लागत नाही. रंगीत पाणी भरलेली पारदर्शक नळी जवळपास आडवी, किंचित तिरकी बसवायची, तिचे एक टोक शेडमध्ये आणि एक बाहेर ठेवायचे. नळी तिरकी असल्याने अडीच मिलिमीटरचा फरकही दोन-तीन सेंटिमीटरचा होऊन दिसतो. पॅड नवा असताना पाणी जिथे थांबते, तिथे खूण करून ठेवली की पुढे पाणी त्या खुणेपासून किती सरकले यावरून पॅड किती बुजला ते कळत जाते.