ब्रेकमधून परत येणारी वीज

चालती मोटार थांबली म्हणजे तिचा वेग गेला, एवढे आपण पाहतो. तो गेला कोठे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. घाट उतरून आलेल्या मोटारीच्या चाकाजवळ हात नेला तर उत्तर मिळते. ब्रेक सणसणून तापलेले असतात. पेट्रोल जाळून जी गती मिळविली, तिचीच पुन्हा उष्णता करून आपण ती वाऱ्यावर सोडून देतो.

ही उधळपट्टी केवढी, याचा हिशेब करू. माणसांसह १४०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असता तिच्या गतीत सुमारे ५४ वॅट-तास ऊर्जा साठलेली असते. घरातला ९ वॅटचा दिवा तेवढ्यावर ६ तास जळेल. वेग निम्मा केला तर ही ऊर्जा निम्मी नव्हे, चौथाई होते. म्हणजे खरी कमाई मोठ्या वेगावरून खाली येतानाच आहे.

ती परत कशी घ्यावयाची? विजेची मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन कामे आहेत. वीज दिली की ते चाक फिरविते. चाकाने त्याला फिरविले की ते वीज देते. ज्यांनी डायनॅमोची सायकल चालविली आहे त्यांना आठवत असेल, की दिवा लावताच पायडल जड होई. तो जडपणा हाच येथे ब्रेक होय. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून आलेल्या नव्या गाड्या थांबताना अशीच वीज निर्माण करतात, आणि ती वरच्या तारेतून दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. मोटारीला अशी तार नाही. तिला आपली वीज स्वतःच्याच बॅटरीत ठेवावी लागते. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसपासून हायब्रिड मोटारी हेच करीत आल्या आहेत.

परंतु बॅटरीचे तोंड लहान असते. तीच ६० च्या वेगातली मोटार ४ सेकंदांत थांबविली, तर सरासरी ४८ किलोवॅटांहून अधिक शक्तीचा लोट येतो. लहान बॅटरीला तो एकदम गिळता येत नाही. उरलेले काम ब्रेकच्या पॅडना करावे लागते आणि तेवढी ऊर्जा पुन्हा उष्णतेत जाते. तेच थांबणे २० सेकंदांवर पसरले, तर हा ओघ सरासरी १० किलोवॅटांपेक्षाही कमी होतो. त्यासाठी सुमारे १६५ मीटर आधी पाय हलका करावा लागेल. म्हणून पहिला नियम असा : दूरचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि ब्रेक लवकर, हलका व एकसारखा दाबावा. डॅशबोर्डवर चार्जिंगचा काटा असल्यास तो टोकाला जाऊ देऊ नये. मात्र माणूस आडवे आले तर हा सारा हिशेब विसरून ब्रेक पूर्ण दाबावा.

येथे कोणी म्हणेल, ब्रेक दाबल्याने वीज मिळते, तर तो वारंवार दाबावा! हा भ्रम आहे. गतीची वीज होताना, ती बॅटरीत जाताना, बाहेर येताना आणि तिची पुन्हा गती होताना, अशा चार ठिकाणी दस्तुरी द्यावी लागते. प्रत्येक ठिकाणी शंभरातले दहाच गेले असे धरले, तरी शंभर रुपयांचे शेवटी ६५ च्या आसपास उरतात. तेव्हा ज्या वेगाची गरज नव्हती तो घेतलाच नाही, ही सर्वांत मोठी बचत. पुढच्या मोटारीपासून पुरेसे अंतर ठेवले की अर्धे ब्रेक दाबावेच लागत नाहीत. जे टळत नाहीत, त्यांतूनच वीज घ्यावी.

आता घाटाचा प्रश्न. लोणावळ्याहून खोपोलीस उतरताना सुमारे ५५० मीटर उंची आपण खर्ची घालतो. आपल्या मोटारीच्या बाबतीत ही ऊर्जा २ युनिटांहून थोडी अधिक होते. वारा आणि टायर यांनी निम्मी खाल्ली असे धरले, तरी एक युनिट उरते. उलट दुसऱ्या पिढीच्या प्रियसची सगळी बॅटरीच सुमारे १.३ युनिटांची, आणि बॅटरी टिकावी म्हणून ती कधी पूर्ण भरू देत नाहीत, की पूर्ण रिती होऊ देत नाहीत. हाती खरी जागा अर्ध्या युनिटाच्या आसपासच. म्हणजे अर्ध्या घाटात बॅटरी भरते, आणि पुढचा भार एंजिनवर व पॅडवर येतो.

टोयोटाच्या हायब्रिड मोटारींत 'बी' अशी खूण असते ती यासाठीच. तिने एंजिनचा अडसर मिळतो. ती लांब उतारासाठी आहे. गावात सतत लावली तर अधिक वीज मिळते, ही समजूत खरी नाही.

आणि पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची आपल्याकडची जुनी सवय तर सोडलीच पाहिजे. न्यूट्रलमध्ये हायब्रिडची बॅटरी भरत नाही. म्हणजे वीजही गेली आणि एंजिनचा आधारही गेला. सारा भार पॅडवर पडतो. ते अति तापले की त्यांची पकड ढिली होते, आणि हे चालकाच्या ध्यानात बहुधा वळणावरच येते. चार पैशांच्या बचतीसाठी हा सौदा करण्याजोगा नाही. उतारावर गाडी गिअरमध्येच असावी, आणि वेग वळणाच्या आधीच आवरलेला असावा; त्यात वीजही मिळते आणि माणसेही सुखरूप खाली पोहोचतात.