लिथियमचा कंप

हात समोर ताणून धरा आणि पालथ्या पंजावर वहीचा सुटा कागद ठेवा. कागदाची कड हलताना दिसेल. ठणठणीत माणसाचा हातसुद्धा सतत कापत असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. हा कंप इतका बारीक असतो की एरवी लक्षातही येत नाही. मुलाखतीला बसलं किंवा भांडण झालं की तो वाढतो, कारण रक्तात उसळलेलं अॅड्रेनॅलिन थेट हाताच्या स्नायूंवर काम करतं.

बायपोलर आजारावर लिथियम घेणाऱ्यांपैकी ढोबळमानाने चौथ्या हिश्शाच्या लोकांत हाच मुळातला कंप ठळक होतो. व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या नेहमीच्या औषधानेही हात कापतात. घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती कंपवाताची. पण कंपवातात हात मांडीवर निवांत पडलेला असताना हलतो आणि तोही सावकाश, सेकंदाला ४ ते ६ वेळा. बहुधा सुरुवात एकाच बाजूने होते. लिथियमचा कंप दोन्ही हातांत असतो आणि हात कामाला लागला की जागा होतो. बशीत कप वाजतो, सुईत दोरा जात नाही, पळीतलं तीर्थ सांडतं, बँकेत सही जुळत नाही. वैद्यकीयदृष्ट्या हा त्रास बहुतेक वेळा सौम्यच. लग्नाच्या पंगतीत मात्र शेजारचा ‘घेतो वाटतं’ असं कुजबुजतो. अनेक जण गोळ्या गुपचूप सोडतात त्या या कुजबुजीपायी. आणि लिथियम एकदम थांबवलं, तर पुढच्या काही महिन्यांतच उन्माद उलटून येण्याचा धोका फार मोठा असतो.

या औषधाची सगळी गोम मिठात आहे. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम हे जुळे भाऊ वाटतात. उन्हाने, जुलाबाने किंवा अळणी जेवणाने शरीरातलं सोडियम घटलं की मूत्रपिंड ते हात आवळून राखू लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही राखतं. गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. याची किंमत अमेरिकेने १९४९ साली मोजली. हृदयरोग्यांना मीठ वर्ज्य म्हणून बाजारात मिठाऐवजी लिथियम क्लोराइड मिळत होतं. ज्यांचं सोडियम आधीच तोडलेलं, त्यांनीच ते जेवणावर भुरभुरलं. विषबाधा झाल्या, काही मृत्यू झाले आणि तो पदार्थ बाजारातून काढून घेण्यात आला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथे जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञाने उन्मादावर लिथियम लागू पडतं, असा निबंध प्रसिद्ध केला होता. पुढे डेन्मार्कच्या मॉगेन्स शाऊ यांनी काटेकोर चाचण्या केल्या. तरी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

म्हणून हात एकाएकी जास्त कापू लागला तर आधी गेल्या आठवड्याकडे पाहावं. वैशाखाच्या उन्हात शेतावर राबणं झालं का, निर्जळी उपवास झाला का, पोट बिघडलं होतं का, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी नवी गोळी लागली का? आणि सर्वांत सहज विसरला जाणारा प्रश्न: गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर काय आणलं? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि वाढलेलं थायरॉइड हे सारे कंपात स्वतंत्र भर घालतात.

मग चहा? कॅफिनने कंप वाढतो, तेव्हा ‘चहा सोड’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. कॅफिनमुळे लघवीवाटे लिथियम जास्त बाहेर पडतं. दिवसाला सहा-सात कप पिणाऱ्याने एका सोमवारी चहा तोडला, तर तितकं लिथियम अंगात साठू लागतं आणि कंप कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. कप हळूहळू कमी करावेत आणि तसं डॉक्टरांच्या कानावर घालावं.

डॉक्टरांकडे उपायांची उतरंड आहे. पहिल्यांदा रक्तातलं लिथियम. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचा असतो. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेलेल्याचा आकडा फसवा येतो. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण बहुधा लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात. ते वरच्या टोकाला असेल तर डोस थोडा उतरवून किंवा सावकाश विरघळणारी गोळी देऊन पुष्कळदा भागतं. त्यानेही हात स्थिरावला नाही, तर प्रोप्रॅनोलॉल. अॅड्रेनॅलिन स्नायूंना ज्या दारातून हलवतं तेच ते अडवतं. दमा असलेल्यांना मात्र ते चालत नाही.

बारीक कंप आणि जाड कंप यांतला फरक घरातल्या एकाला तरी ठाऊक असावा. हात मोठे हेलकावे घेऊ लागले, चाल डगमगली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, माणूस गुंगीत गेला, तर ते विषबाधेचं लक्षण आहे. पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठावं.

एरवीच्या दिवसांसाठी साध्या सोयी आहेत. कोपर टेबलावर टेकवणं, बशी बाजूला सारून जाड कानाचा मग अर्धाच भरणं, वजनदार चमचा, जाड पेन. सही बदलली असेल तर बँकेत नमुना सही नव्याने देता येते. तिथे आजाराचं नाव सांगायची गरज नाही.

मेंदूविकारतज्ज्ञ कंप जोखायला कागदावर एक सर्पिल काढायला लावतात, मधून बाहेर गोल गोल जाणारी रेघ. ते घरीही जमतं. दर रविवारी त्याच पेनाने, हात न टेकवता एक सर्पिल काढायचं आणि खाली तारीख, गोळीचा डोस, त्या दिवशीचा चहा लिहायचा. ‘हात फार कापतो हो’ या तक्रारीपेक्षा अशी चार पानं डॉक्टरांना डोस ठरवताना जास्त उपयोगी पडतात.