शकाराचा ‘श’

उज्जयिनीच्या अंधाऱ्या रस्त्यावर शकार गणिका वसंतसेनेच्या मागे लागतो, तेव्हा तिचं नाव तो ‘वशंतशेणा’ असं घेतो. त्याच्या जिभेवर ‘स’ कधी येतच नाही. ‘र’चाही ‘ल’ होतो, म्हणून तिचा प्रियकर चारुदत्त ‘चालुदत्त’. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला हा माणूस राजाचा मेहुणा आहे, पण तोंड उघडलं की मागधी वळणाची प्राकृत!

संस्कृत नाटकाचा रिवाजच तसा होता. राजा, ब्राह्मण, अमात्य संस्कृतात बोलायचे, स्त्रिया बहुधा शौरसेनीत, नोकरचाकर मागधीत. एकाने संस्कृतात विचारावं, दुसरीने प्राकृतात उत्तर द्यावं, आणि दुभाष्याची आठवणही कुणाला होऊ नये. ‘मृच्छकटिका’चा टीकाकार पृथ्वीधर या एका नाटकात सात प्राकृत बोली मोजतो.

शूद्रक मात्र रिवाज पाळून थांबत नाही. संस्कृत बोलणाऱ्या बाईचं आपल्याला हसू येतं, असं विदूषक मैत्रेय तिसऱ्या अंकात म्हणतो. नव्याने वेसण घातलेल्या गायीसारखी ती सू-सू करते म्हणे. चौथ्या अंकात तोच मैत्रेय वसंतसेनेच्या घरी जातो आणि ती त्याच्याशी चक्क संस्कृत श्लोकात बोलते. मैत्रेय स्वतः ब्राह्मण, पण बोलतो प्राकृतात!

माझा सर्वात आवडता प्रसंग सहाव्या अंकातला. तुरुंगातून पळालेला आर्यक एका बैलगाडीत लपला आहे. शिपाई चंदनक गाडीत डोकावतो, त्याला पाहतो आणि वाचवायचं ठरवतो. खाली उतरून सांगायला लागतो, ‘आर्य...’, आणि घाईने शब्द फिरवतो: ‘आर्या वसंतसेना’ चालली आहे! जोडीदार वीरकाच्या कानाला ते खटकतं. तेव्हा चंदनक म्हणतो, आम्ही दाक्षिणात्य, आमचं बोलणं अस्पष्टच. द्रविड, चोल, चीन अशा कितीतरी लोकांच्या भाषा आम्हाला येतात, मग ‘आर्य’ काय नि ‘आर्या’ काय! ज्या बोलीवरून माणूस ओळखला जायचा, त्याच बोलीच्या आडोशाला त्याने एका माणसाला लपवलं. भाषा माणसाला कशी चिकटते आणि माणूस तिचा कसा उपयोग करतो, हे शूद्रकाने किती बारकाईने ऐकलं असेल!

आणि शकाराचा ‘श’? तो त्याच्या एकट्याचा नाही. त्याचा गाडीवान स्थावरकही मागधीच बोलतो. धन्याचा आणि चाकराचा ‘श’ एकच. वसंतसेनेला मारायला धनी सांगतो तेव्हा याच ‘श’मध्ये स्थावरक नकार देतो. पुढे तिच्या खुनाचा शकाराने घातलेला खोटा आळ चारुदत्तावर येतो. त्याला वधासाठी नेत असताना स्थावरक बेड्यांसकट माडीवरून उडी टाकतो आणि खरा प्रकार ओरडून सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, शिक्षा झाली म्हणून खोटं बोलतो. वधाला नेणाऱ्या चांडाळांना ते पटतं. दासाचं खरं कुणाला पटत नाही, असं स्थावरक कळवळून म्हणतो. त्या वाक्यातही ‘सत्य’ हा शब्द त्याच्या तोंडून ‘शच्चं’ असाच येतो.