मंगळावरचा देव आणि बांड्या गाई

सहाराच्या वाळवंटात आदिमानवाची हजारो चित्रं आहेत असं सांगितलं, की पहिला प्रश्न हमखास येतो: वाळूत चित्रं टिकली कशी? प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातला सहारा असतो. लाटांसारख्या टेकड्या, उंटांची रांग आणि मावळतीचा सूर्य. प्रत्यक्षात वाळूच्या टेकड्यांनी सहाराचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापलेला आहे. बाकीचा मुलूख खडकाळ पठारांचा, कोरड्या घळींचा आणि दगडगोट्यांनी भरलेल्या माळांचा आहे. अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं तासिली न'अज्जेर हे असंच एक वालुकाश्माचं पठार. वाऱ्यापाण्यानं झिजून तिथे सुळके, कमानी आणि अरुंद बोळ तयार झाले आहेत. एखादं गाव ओस पडून नुसत्या भिंती उरल्यासारखं दिसतं. त्या भिंतींवर १५ हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीव आकृत्या आहेत. ७२ हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला १९८२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. तासिली न'अज्जेर या नावाचा अर्थ 'नद्यांचं पठार' असा सांगतात. वाळवंटातल्या पठाराला नद्यांचं नाव, हेच मुळात विचार करण्यासारखं आहे.

'गुहाचित्रं' हा शब्दही इथे फारसा लागू पडत नाही. फ्रान्समधल्या लास्कोसारख्या खोल, काळोख्या गुहा इथे नाहीत. पुढे झुकलेल्या कड्याखाली पडवीएवढा आडोसा, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर चित्रं. आपल्याकडे भीमबेटकाच्या संदर्भात 'शैलाश्रय' म्हणतात तो नेमका शब्द. माणसं तिथे राहत, चूल पेटवत, दिवसाच्या उजेडात चित्रं काढत. रंग म्हणजे मुख्यतः गेरू आणि काव, म्हणजे लोहयुक्त माती, शिवाय पांढरी माती. कोरीव आकृत्या मात्र बऱ्याचदा उघड्या खडकावर असतात. दगडानं ठोके मारत रेघ काढायची, मग ती घासून गुळगुळीत करायची. वाळवंटातल्या खडकावर लोह आणि मँगनीजचा काळपट थर चढलेला असतो. तो फोडला की आतला फिका दगड दिसतो. शतकं लोटली की रेघ पुन्हा काळवंडते. शेजारच्या दोन आकृत्यांपैकी जुनी कुठली, याचा अंदाज या काळवंडण्यावरून बांधता येतो.

'तिथे कायमच वाळवंट होतं'

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो मोडणारा पुरावा खडकावरच आहे. लिबियातल्या मेसाक पठारावर, माथेंदूसच्या कोरड्या नदीपात्राच्या काठावर जिराफ, हत्ती आणि मगर कोरलेले आहेत. नायजरमध्ये दाबूस इथला एक कोरीव जिराफ ५ मीटरहून उंच आहे. १८५० मध्ये हाइनरिश बार्थ हा जर्मन प्रवासी त्रिपोलीहून दक्षिणेकडे निघाला. मेसाकमधली कोरीव चित्रं पाहताना त्याच्या लक्षात आलं की इथे गाईबैल आहेत, पण ज्याच्यावाचून या मुलखात पाऊल टाकता येत नाही तो उंटच नाही. म्हणजे ही चित्रं निराळ्या हवामानातली असणार, असा तर्क त्यानं केला. त्याच्या हाताशी ना प्रयोगशाळा होती, ना उपग्रहाची छायाचित्रं. चित्रात काय आहे आणि काय नाही, एवढंच त्यानं नीट पाहिलं.

हिरव्या सहाराचं कारण आपल्या ओळखीचं आहे: पाऊस. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, आणि त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कुठल्या ऋतूत येते ते सुमारे २१ हजार वर्षांच्या फेऱ्यात बदलत राहतं. आज ती जानेवारीत जवळ असते. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात जवळ येत असे, त्यामुळे तिथे उन्हाळ्यात आजच्यापेक्षा ७-८ टक्के जास्त ऊन पडे. जमीन जास्त तापली, मोसमी वारे आफ्रिकेत आणखी उत्तरेपर्यंत पोचले. याच कारणानं त्या काळात आपला मोसमी पाऊसही आजच्यापेक्षा जोरकस होता. तेव्हाचं चाड सरोवर सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्यात बुडून वर जागा उरली असती.

मग हे सगळं एका पिढीत करपून गेलं, असंही सांगितलं जातं. ते तितकं सरळ नाही. मॉरिटानियाजवळच्या समुद्रतळातल्या गाळात सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी झटकन झालेला बदल दिसतो. चाडमधल्या योआ सरोवराच्या तळातला गाळ मात्र हळूहळू, कित्येक शतकं चाललेल्या सुकण्याची साक्ष देतो. एवढा अवाढव्य प्रदेश एकाच वेळी, एकाच वेगानं कशाला सुकेल? काही खुणा तर अजून आहेत. चाडच्या एनेदी भागातल्या आर्शेई या डोहात आजही मूठभर मगरी तग धरून आहेत. आणि तासिलीवर जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या न उगवणाऱ्या जातीच्या सुरूची सव्वादोनशेच्या आसपास झाडं उभी आहेत, त्यांतली काही दोन हजार वर्षांहून जुनी.

'ते अंतराळवीर आहेत'

इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण हा गैरसमज घडताना कोणी काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

१९३३ मध्ये ब्रेनाँ नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला तासिलीतल्या जेरातच्या घळीत कोरीव आकृत्या आणि चित्रं दिसली. त्याच्या टिपणांमुळे पुढे १९५६-५७ मध्ये आँरी लोत हा संशोधक चित्रकारांचा चमू घेऊन पठारावर गेला. त्यांनी भिंतींवरच्या चित्रांच्या मूळ आकाराच्या प्रतिकृती काढल्या आणि १९५७ च्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. गर्दी लोटली. जगानं तासिली पाहिली ती अशी, म्हणजे प्रतिकृतींमधून. भिंत पाहिलेले लोक फारच थोडे.

तासिलीवरच्या एका चित्रशैलीत माणसांची डोकी नुसत्या वाटोळ्या आकाराची आहेत, बहुतेकदा नाकडोळ्यांशिवाय. या शैलीला 'गोल डोक्यांची शैली' म्हणतात. जब्बारेन इथे अशीच एक जवळपास ६ मीटर उंच आकृती आहे. उडत्या तबकड्यांच्या बातम्यांचे ते दिवस होते. लोतनं गमतीनं तिला 'मंगळावरचा थोर देव' म्हटलं. गंमत छापून आली आणि छापलेलं ते खरं ठरलं. दहाएक वर्षांनी एरिक फॉन डॅनिकेननं परग्रहवासीयांचा पुरावा म्हणून तिलाच पुढे केलं. त्याची पुस्तकं मराठीतही आली, हौसेनं वाचली गेली. आमच्या पिढीतल्या अनेकांनी तासिलीचं नाव पहिल्यांदा तिथेच वाचलं असेल. वाटोळं डोकं म्हणजे शिरस्त्राण, अंगावरच्या रेघा म्हणजे अंतराळातला पोशाख, असा हिशेब. पण त्याच शैलीत, शेजारच्याच भिंतींवर हरणं आहेत, रानमेंढे आहेत, अंगावर नक्षी रंगवलेल्या बायका आहेत. अंगरंग आणि मुखवटे यांची परंपरा आफ्रिकेत आजही जिवंत आहे. शेजारचा रानमेंढा न पाहता एकट्या देवाचा फोटो कापून घेतला, तरच तो मंगळावरचा वाटतो.

लोतच्या मोहिमेची दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. जब्बारेनमध्ये पक्ष्याचं डोकं असलेल्या, इजिप्शियन वळणाच्या बायकांचं एक चित्र 'सापडलं'. लोतला तासिलीवर इजिप्तचा प्रभाव दिसतच होता. त्याला हवा तो पुरावा मिळाला आणि चित्र गाजलं. ते त्याच्याच चमूतल्या माणसांनी काढलेलं होतं, हे नंतर उघड झालं. खोडी काढणाऱ्यांना बोल लावता येईल. पण खोडी इतकी बेमालूम खपली, कारण पाहणाऱ्यानं काय दिसायला हवं ते आधीच ठरवलं होतं.

दक्षिणेकडे नामिबियात, नामिब वाळवंटाच्या कडेला ब्रांडबर्ग डोंगरात असंच झालं. तिथल्या एका आकृतीला फ्रेंच पुराविद आब्बे ब्रई यांनी 'गोरी बाई' ठरवलं आणि तिचं मूळ थेट भूमध्य समुद्राकडे नेलं. ती बाई नाही आणि गोरीही नाही. स्थानिक सान लोकांच्या परंपरेतला, अंगाला पांढरा रंग फासलेला तो पुरुष आहे, बहुधा विधी करणारा वैदू. आफ्रिकेतल्या माणसांनी आफ्रिकेत चित्रं काढली हे मान्य करणं काही विद्वानांना मंगळाइतकंच जड गेलं.

'पोहणारी माणसं' आणि 'रडणाऱ्या गाई'

इजिप्तच्या नैर्ऋत्य टोकाला गिल्फ केबीर पठारावर लास्लो अल्माशी या हंगेरियन प्रवाशाला १९३३ मध्ये एका आडोशात आडव्या, हातपाय पसरलेल्या छोट्या आकृत्या दिसल्या. त्यानं त्यांना पोहणारी माणसं म्हटलं. 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटामुळे ती गुहा घरोघरी पोचली. जवळपास पाणी होतं हे खरंच आहे, पण ते भूशास्त्रानं सिद्ध होतं, या आकृत्यांनी नव्हे. ती माणसं पोहत नसून मृतात्मे असावेत, असंही काही अभ्यासक म्हणतात.

तिथून थोड्याच अंतरावर २००२ मध्ये आणखी एक चित्रगुहा सापडली. तिच्यात हात भिंतीवर टेकवून भोवती रंग फुंकून काढलेले पंजे आहेत. त्यांत मोठ्यांच्या पंजांबरोबर काही अगदी चिमुकले पंजेही दिसतात, आणि ते तान्ह्या बाळांचे असावेत असं सगळ्यांना वाटलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची मापं नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या हातांशी ताडून पाहिली. जुळली नाहीत. ते माणसाचे हातच नव्हेत. घोरपडीच्या जातीचे किंवा मगरीच्या पिल्लाचे पुढचे पाय असावेत. मला विचाराल तर घोरपडीचा पाय भिंतीला लावून त्याभोवती रंग फुंकणारा माणूस हा अंतराळवीरापेक्षा कितीतरी जास्त विलक्षण आहे.

तासिलीच्या पायथ्याच्या जानेत गावाजवळ एका खडकावर गाईंची डोकी कोरलेली आहेत, डोळ्याखाली थेंब. दुष्काळ पडला, पाणी आटलं म्हणून गाई रडतायत, ही गोष्ट प्रवाशांना सांगितली जाते. गोष्ट सुंदर आहे. पण थेंबाचा आकार म्हणजे आसूच, आणि आसू म्हणजे दुष्काळच, हे दोन्ही आपण ठरवलेलं आहे.

'आदिमानव' म्हणजे कोण?

या शब्दानं डोळ्यांपुढे भाला घेतलेला शिकारी येतो. तासिलीवरची असंख्य चित्रं गुराख्यांची आहेत. कळपच्या कळप, प्रत्येक गाईचं शिंग वेगळं, अंगावरचे ठिपके वेगळे, कास नीट काढलेली. आपल्याकडचा गुराखी त्या भिंतीसमोर उभा राहिला तर ढवळी, बांडी, कपिली अशी नावं घेऊ लागेल. हे गोधन नुसतं मांसासाठी नव्हतं. तासिलीला लागूनच लिबियात असलेल्या आकाकुस डोंगरातल्या ताकारकोरी इथल्या खापऱ्यांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाले, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. तिथेच पुरलेल्या दोन स्त्रियांच्या डीएनएचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा वंश उत्तर आफ्रिकेतलाच, दीर्घकाळ वेगळा राहिलेला असा निघाला. पशुपालनाची कला बाहेरून आली असली तरी माणसांचे लोंढे आले नसावेत, असा त्याचा रोख आहे. दोन स्त्रियांवरून सगळ्या चित्रकारांची वंशावळ मांडता येत नाही, हेही खरं.

चित्रं एका काळातली नाहीत. रानटी जनावरं, गोल डोकी, गाईबैल, मग घोडे आणि रथ, शेवटी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचे उंट, असा क्रम पाठ्यपुस्तकात असतो. ढोबळमानानं तो उपयोगी आहे, पण टप्पे एकमेकांत मिसळलेले आहेत. नेमकं वय सांगणं कठीण, कारण गेरूत कार्बन नसतो आणि कार्बन-१४ पद्धत त्याला लागू होत नाही. त्यामुळे 'अमुक चित्र बरोब्बर इतक्या वर्षांचं' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर कसं मोजलं ते विचारावं.

'शोध' हा शब्दही जपून वापरावा. लोतला भिंतीपर्यंत नेलं ते जेब्रीन आग मोहम्मद या सहारातल्या तुआरेग जमातीच्या वाटाड्यानं. जब्बारेन या तुआरेग नावाचा अर्थच 'राक्षस', म्हणजे प्रचंड देहाचे. लोतच्या कितीतरी आधी कोणीतरी ती ६ मीटरची आकृती पाहून त्या जागेला नाव ठेवलेलं होतं.

'पाणी मारलं की चित्र उठून दिसतं'

दिसतं खरं. लोतच्या चमूनं भिंती ओल्या स्पंजांनी पुसल्या आणि रंग झळाळले. पण पाण्याबरोबर रंगाचा थर निघाला, दगडातले क्षार वर आले, आणि हजारो वर्षं टिकलेली कित्येक चित्रं काही दशकांत फिकी पडली. शिवाय एकदा भिजवलेल्या भिंतीतून काळाचा पुरावा मिळवणंही अवघड होतं. वाळवंटानं जे जपलं ते कौतुकानं पुसलं गेलं.

हे सांगायचं कारण सहारापुरतं नाही. रत्नागिरीच्या सड्यावरची कातळशिल्पं आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला अशीच शिल्पं आहेत, आणि तिथेही फोटोत रेघ उठावी म्हणून बाटलीतलं पाणी ओतणारे, खाचेत खडू भरणारे हौशी भेटतात. रेघ पाहायची असेल तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरपं ऊन पडलं की कातळ आपोआप सगळं दाखवतो. पाणी पिण्यासाठी ठेवा. सड्यावर सावली नसते.