पानांवर उतरलेले शिकारी

वांग्याच्या पानातला हिरवा गर खरवडून शिरांची जाळी तेवढी मागे ठेवणारा, अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा हा मावा फस्त करणाऱ्या ढालकिड्यांचाच भाऊबंद. पूर्वी या शाकाहाऱ्यांचं उपकुळ वेगळं मानत. डीएनएच्या तुलनेत मात्र ते शिकाऱ्यांच्या वंशावळीतलीच एक फांदी ठरले. म्हणजे शिकार आधीची, पानं नंतरची. कुणी म्हणेल, जबडे तर पार निराळे! खरंय, शिकाऱ्याच्या जबड्याला बुडाशी दात असतो, इथे तो नाही, टोकाशी मात्र अनेक. पण जबडा आहारापायी बदलतो, नातं ठरवायला तो एकटा साक्षीदार कच्चाच. आहार वंश फोडतोही: जपानमधल्या निपोनिका आणि यासुतोमी या एपिलॅक्ना जातींचा प्रयोगशाळेत संकर होतो, रानात मात्र एक थिसल, तर दुसरी ब्लू कोहोश या वनस्पतीवर राहत असल्याने गाठ क्वचितच पडते.