जॅनेट राउली : गुणसूत्रांची अदलाबदल आणि रक्ताचा कर्करोग

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत १९६० मध्ये एक आखूड गुणसूत्र आढळले. त्यालाच फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. त्याचा तुटलेला भाग नष्ट होतो, असा समज होता. शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली (१९२५–२०१३) यांनी नव्या रंजनपद्धतीने गुणसूत्रांवरील पट्टे तपासले. छायाचित्रांतून कापलेली गुणसूत्रे त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा ९ व्या गुणसूत्रावर गेलेला असतो, हे त्यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक बनते, हे पुढे सिद्ध झाले. त्याचे प्रथिन पेशींना विभाजनाचा संदेश सतत देत राहते. ते रोखणाऱ्या इमॅटिनिब औषधाला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. थोडक्यात, गुणसूत्रातील बदल हा कर्करोगाचा केवळ परिणाम नसून त्याचे कारणही असू शकतो.